मौन प्रार्थनेतला आवाज

पाळकसाहेब म्हणाले, "आता आपण थोडा वेळ मनातल्या मनात प्रार्थना करू या." त्यांनी कॉलरला लावलेल्या माइकचं बटण बंद केलं. मंडळीनं डोळे मिटले, माना खाली घातल्या. आणि भिंतीवरच्या दोन्ही स्पीकरमधून एक बाई खणखणीत आवाजात ओरडली, "गुडघा वर! अजून वर! लाजता कुणाला?"

आता अशा वेळी भाविक माणसानं काय करायचं असतं, हे कुणी कधी कुणाला शिकवलेलं नाही. पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांना वाटलं हे आपल्यालाच उद्देशून आहे, कारण गुडघे त्यांचेच दुखत होते. एकदोघांनी तर पाय उचलूनही पाहिला. मधल्या बाकावरच्या मुख्याध्यापिकाबाईंनी एकच डोळा उघडला आणि तो आयुष्यभर वर्गावरून फिरवला तसा सगळ्या चर्चवरून फिरवला. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण तो डोळा काही निवृत्त झाला नव्हता.

"श्वास घ्या! सोडा! तोंडं पाडून काय उभ्या आहात, हसा की जरा!" स्पीकर म्हणाला आणि खरखरला. पाळकसाहेबांनी गडबडून माइक चालू केला, "आमेन" म्हटलं, आणि त्याबरोबर आवाज गायब झाला.

सगळ्या माना मागे वळल्या. मागच्या कोपऱ्यात, आवाजाच्या मशीनमागे, रेडिओकाका बसले होते. त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. आता तिथे मिक्सर आणि इस्त्र्याच यायच्या, पण नाव राहिलं ते राहिलं. काकांनी गंभीरपणे एक वायर काढली, तिच्यावर फुंकर मारली आणि परत लावली. लोकांचं समाधान झालं. वायरीवर फुंकर मारणाऱ्या माणसावर लोक फार विश्वास ठेवतात.

वायरीला काहीही झालेलं नव्हतं. काकांना ते पहिल्या शब्दालाच कळलं होतं, कारण आवाज त्यांच्या लेकीचा होता.

भानगड साधी होती. काकांनी बिनतारी माइकचे दोन जोड एकदमच विकत घेतले होते. एक चर्चला दिला, दुसरा लेकीला. लेक तेव्हा नुकतीच बायकांचे व्यायामाचे वर्ग घ्यायला लागली होती, चर्चमागच्या बोळात, बेकरीवाल्याच्या पिठाच्या जुन्या गोदामात. दोन्ही जोड कारखान्यातून एकाच चॅनेलवर लागून आले होते. वर्ग संध्याकाळी, उपासना सकाळी, त्यामुळे चॅनेल बदलायची वेळच आली नाही. मग लेकीनं रविवारी सकाळीही वर्ग सुरू केला, कारण नोकरी करणाऱ्या बायकांना तेवढीच सकाळ मोकळी मिळायची. तिथून दोन माइक एकमेकांत घुसायला लागले, आणि त्याच्याही आधी बाप-लेकीचं बिनसलं.

"रविवारी सकाळी देवाच्या दारात यायचं सोडून तंगड्या वर करायच्या?" काका तेव्हा म्हणाले होते. "हे तू बोलत नाहीस. हे काळाचं वारं शिरलंय तुझ्यात, ते बोलतंय."

हे त्यांनी मायेपोटीच म्हटलं होतं, पण माया आत राहिली आणि आवाज तेवढा बाहेर आला.

"वारं शिरलेली माणसं घरात कशाला ठेवता मग?" लेक म्हणाली. तिनं बॅग भरली आणि गोदामावरच्या खोलीत राहायला गेली. काका दारापर्यंतही गेले नाहीत. तीही मागे वळली नाही. दोघांची जात एकच, नाकाचा शेंडा सगळ्यात पुढे. तेव्हापासून निरोप काकूंच्या मार्फत जायचे. "पप्पांना सांग, गोळ्या वेळेवर घ्या म्हणावं." "तिला सांग, त्या खोलीच्या दाराची कडी ढिली आहे." काकू इकडून तिकडे निरोप पोचवून कंटाळल्या होत्या. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "मला पोस्टात तरी लावा, निदान पेन्शन मिळेल."

या बिनतारी माइकांचा एक स्वभाव असतो. जवळचा माइक चालू असला की तोच ऐकू येतो, लांबचा त्याच्याखाली दबून जातो. जवळचा गप्प झाला की लांबचा येतो. पाळकसाहेब फक्त मौन प्रार्थनेतच माइक बंद करायचे. तीही सवय काकांनीच लावली होती, कारण एकदा अख्ख्या प्रार्थनेभर साहेबांच्या पोटातली गुडगुड मंडळीनं श्रद्धेनं ऐकली होती. म्हणजे आठवडाभरात लेकीचा आवाज बापाच्या कानावर पडणार तो तेवढ्याच वेळात. चॅनेलचं बटण एक घर फिरवलं असतं तर सगळं मिटलं असतं. काकांचा हात त्या बटणापर्यंत गेला, तिथे जरा रेंगाळला आणि परत मांडीवर आला.

पुढच्या रविवारी काका लवकर येऊन मशीनमागे बसले. मौन प्रार्थना आली, साहेबांनी बटण दाबलं, आणि लेक म्हणाली, "मान ताठ! खांदे मागे! आपण कुणाचं काही खाल्लेलं नाही!" काकांनी डोळे मिटून ऐकलं. तिला सर्दी झालेली वाटत होती. घरी जाऊन काकूंना म्हणाले, "तिला सांग, वाफ घे म्हणावं." काकू बघतच राहिल्या. तिला सर्दी झाल्याचं यांना कुठून कळलं?

त्याच्या पुढच्या आठवड्यात काका पाळकसाहेबांकडे गेले.

"साहेब, मौन प्रार्थना जरा वाढवली तर? लोकांना सवय राहिलेली नाही हो गप्प बसायची."

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. साधा, सज्जन माणूस. मंडळीतून कुणीतरी येऊन प्रार्थना वाढवा म्हणतंय, असं त्यांच्या उभ्या कारकिर्दीत घडलं नव्हतं. लोक यायचे ते प्रवचन आटोपतं घ्या म्हणायला. त्यांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "तुमच्यात फार मोठं काम चाललंय, काका." काकांना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं, पण मौन प्रार्थना वाढली.

मंडळीचं म्हणाल तर तिला हे सगळं हळूहळू मानवायला लागलं होतं. "मान ताठ" आलं की पोक काढून बसलेल्या म्हाताऱ्या सरळ व्हायच्या. "श्वास सोडा" आलं की बेकरीवाला असा सुस्कारा सोडायचा की पुढच्या बाकावरच्या बाईचा रुमाल उडायचा. दोन आजोबांनी घरी पाय उचलण्याचा सराव सुरू केला होता आणि त्यांना फरक होता. हे कुणी कुणाला बोलून मात्र दाखवत नव्हतं.

पण चर्चमध्ये मुख्याध्यापिकाबाई होत्या, आणि बाईंचं पहारेकरी मंडळ होतं.

त्याचं असं झालं होतं, की पाळकसाहेबांनी त्या दिवसांत अदृश्य शक्तींवर प्रवचनं चालवली होती. त्यांचं म्हणणं असं की समाज नुसता कायद्यानं आणि पैशानं चालत नाही. त्याच्यामागे न दिसणारं काहीतरी असतं, आणि ते माणसांना ढकलत असतं. "हे शिंगंवाले राक्षस नव्हेत," ते म्हणायचे. "जी भीती सगळ्यांनाच असते म्हणून कुणालाच दिसत नाही, जी खोड सगळ्या गल्लीला असते म्हणून तिला कुणी खोड म्हणत नाही, तिथे हा अंधार बसलेला असतो. आणि लक्षात ठेवा, आपली लढाई त्याच्याशी आहे, माणसांशी नाही." प्रवचन चांगलं होतं. फक्त बाईंनी त्यातला शेवटचा भाग ऐकला नाही, कारण तेव्हा त्या मंडळात कुणाकुणाला घ्यायचं ते ठरवत होत्या.

मंडळ दर शनिवारी प्रार्थना करत गावातून फिरायचं आणि कोणत्या रस्त्यावर कोणता दुरात्मा बसलाय ते ठरवायचं. मंडळात बाई, बेकरीवाला आणि दातांचे डॉक्टर असे तिघं. पाळकसाहेब पाय दुखत नसले तर यायचे. बसथांब्यावर उतावीळपणाचा आत्मा ठरला, यावर एकमत झालं. सरकारी कचेरीवर दिरंगाईचा, यावर तर टाळ्या पडल्या. बेकरीच्या रस्त्यावर बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "खादाडपणाचा."

बेकरीवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, पाव हे काय चैनीचं खाणं आहे? माझ्या रस्त्यावर खादाडपणा, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यावर काहीच नाही?"

"तिथे भीतीचा आत्मा आहे," बाई म्हणाल्या. "खुर्चीत बसल्यावर कळतं."

डॉक्टरांनी हे कौतुक समजून मान डोलावली.

आणि अशाच एका शनिवारी पहारेकरी चर्चमागच्या बोळात शिरले. त्या दिवशी लेकीनं संध्याकाळचा वर्ग लवकर घेतला होता. गोदामाची खिडकी उघडी होती, आणि आतून आवाज आला, "गुडघा वर! अजून वर! लाजता कुणाला?"

बाई जागच्या जागी खिळल्या. "हेच," त्या म्हणाल्या. "हेच ते ठाणं."

डॉक्टर शिकलेले. ते म्हणाले, "बाई, ही तर आपल्या रेडिओकाकांची मुलगी. बिनतारी माइक असणार तिच्याकडे. लहरी मिसळतात एकमेकांत, त्यात काय एवढं?"

"लहरी हे साधन झालं, डॉक्टर. साधन कोण वापरतंय ते बघा. बरोबर मौन प्रार्थनेलाच कशी येते? स्तोत्र चालू असताना का येत नाही? पाळकसाहेब बोलत असताना का येत नाही?" बाई बोट नाचवत म्हणाल्या. "देवाची माणसं गप्प बसली की लगेच!"

याचं उत्तर फक्त काकांकडे होतं, आणि काका तिथे नव्हते. बाईंनी सुतावरून स्वर्ग गाठला आणि तिथूनच बेकरीवाल्याला हुकूम सोडला. गोदाम त्याचं, तेव्हा त्यानं ते रिकामं करून घ्यायचं. बेकरीवाला लहानपणी बाईंच्या हाताखाली शिकलेला. आजही बाईंनी नाव घेतलं की तो उभा राहायचा. तो नुसतं "बघतो" म्हणाला. शेवटी असं ठरलं, की उद्या उपासना झाल्यावर मागच्या खोलीत बसायचं, काकांना बोलवायचं आणि काय तो सोक्षमोक्ष लावायचा.

बातमी रात्रीच्या जेवणाआधी काकूंपर्यंत पोचली. काकूंनी ती तशीच्या तशी काकांच्या ताटात वाढली.

"गोदाम गेलं तर ती इथे राहायची नाही," काकू म्हणाल्या. "मला म्हणालीये, इथून उठावं लागलं तर मैत्रिणीच्या गावाला जाईन, तिथे बोलावतायत. मग बसा तुम्ही तुमच्या मशीनशी बोलत."

काकांनी ताट बाजूला सारलं. चॅनेल बदलून टाकावा, म्हणजे आवाजच यायचा नाही, आवाज नाही तर तक्रार नाही, असं त्यांच्या मनात आलं. पण ती वेळ आता गेली होती. आवाज कुठून येतो हे बाईंना कळलं होतं, आणि बाईंना एकदा कळलेली गोष्ट परत न कळलेली करता येत नाही. लेकीला वाचवायचं तर एकच वाट होती. मला सगळं पहिल्यापासून माहीत होतं, हे सगळ्यांसमोर कबूल करायचं. म्हणजे अख्ख्या मंडळीला भोळं ठरवायचं, पाळकसाहेबांचं मन मोडायचं आणि म्हातारपणी चर्चमधलं मशीन हातचं घालवायचं. काका रात्रभर कूस बदलत राहिले.

रविवारी उपासना झाली. मौन प्रार्थनेत लेक "कंबर सरळ!" म्हणाली, तेव्हा बाईंनी मागे वळून काकांकडे असं पाहिलं की काकांचीच कंबर सरळ झाली. शेवटचं स्तोत्र संपतं न संपतं तोच बाईंनी सगळ्यांना मागच्या खोलीत ढकललं. एरवी उपासना संपली की काका आधी पाळकसाहेबांच्या कॉलरचा माइक काढून घ्यायचे, कारण साहेबांना तो काढायचं कधीच सुचत नसे. त्या दिवशी काकांचाच जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी मशीन बंद केलं आणि आरोपीसारखे जाऊन साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. माइक कॉलरवर तसाच राहिला, इमानदारीत चालू.

बोळापलीकडे गोदामात वर्ग संपत आला होता. बायका चटयांवर आडव्या पडून विश्रांती घेत होत्या. लेकीनं तेवढ्यापुरता आपला माइक बंद केला होता.

"मुद्द्याचं बोलू," बाईंनी सुरुवात केली. "बेकरीवाले, गोदाम कधी रिकामं होतंय?"

बेकरीवाला उभा राहिला. "बाई, तसं म्हटलं तर पोरगी चांगली आहे. भाडं वेळेवर देते. उंदीरसुद्धा कमी झालेत तिच्यामुळे."

"उंदरांचं काय घेऊन बसलात! आत्म्यांचा प्रश्न आहे!"

"आपण काकांना विचारू या ना," डॉक्टर म्हणाले. "मशीनवर तेच बसतात."

सगळे काकांकडे वळले. पाळकसाहेब हळुवारपणे म्हणाले, "सांगा काका. तुम्ही आमच्यातले सगळ्यात प्रार्थनाशील. तुम्हाला काय जाणवतं?"

त्या 'प्रार्थनाशील'नं काकांचा उरलासुरला धीर संपवला.

"मला काही जाणवत-बिणवत नाही, साहेब," ते म्हणाले. "मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझ्या मशीनला बटण आहे. ते एक घर फिरवलं की तिचा आवाज बंद. मी फिरवलं नाही."

डॉक्टरांनी 'मी म्हणत होतो ना' असा चेहरा केला. तो चेहरा ते घरून तयार करूनच आले असावेत.

"का नाही फिरवलं?" बाईंनी विचारलं.

"लेकीचा आवाज ऐकायला मिळतो म्हणून." काकांनी मान वर केली नाही. "घरात बोलत नाही आम्ही. तिचं तोंड बघून किती दिवस झाले, मोजायचं सोडून दिलंय. आठवड्यातून एकदा तिनं कुणावर तरी ओरडलेलं कानावर पडतं, त्यावर पुढचा आठवडा काढतो मी. दुरात्मा नाही हो तो, बाई. माझं लेकरू आहे ते. काढायचंच तर मला मशीनवरून काढा, पण तिला तिथून उठवू नका. ती गेली तर मी काय ऐकू?"

बेकरीवाल्यानं नाक शिंकरलं. मऊ काळजाचा माणूस.

पाळकसाहेबांना मात्र एक गोष्ट हळूहळू उमगत होती, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर उमटत होती. "काका, म्हणजे ती मौन प्रार्थना वाढवायला सांगितलीत, ती..."

"तीही त्यासाठीच, साहेब."

"अरेरे," पाळकसाहेब अगदी लहान मुलासारखे म्हणाले. "मी वरिष्ठांना कळवलं होतं हो. आमच्याकडे जागृती आली आहे म्हणून."

"म्हणजे बघा," बाईंनी टेबलावर हात आपटला. हरणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "आत्मा कुठून शिरला? यांच्यातूनच शिरला! या मशीनमधून! आणि मी म्हणते, कुठल्या घरच्या बायका जातात तरी त्या गोदामात? रविवारी सकाळी घरदार सोडून, उपासना बुडवून, कुठल्या संस्कारांतल्या असतील त्या? आमची सून बघा. दर रविवारी डोकं दुखतं बिचारीचं, अंथरुणाला खिळलेली असते, पण कधी..."

दार उघडलं.

दारात घामाघूम झालेल्या बायका उभ्या होत्या. कुणाच्या खांद्यावर टॉवेल, कुणाच्या काखेत गुंडाळलेली चटई. सगळ्यांत पुढे काकांची लेक होती, आणि तिच्या मागे लपायची पराकाष्ठा करणारी, पण उंचीमुळे लपू न शकणारी, बाईंची सून.

"आई," सून बारीक आवाजात म्हणाली, "डोकेदुखी खरंच गेली हो माझी. तिथे जायला लागल्यापासून."

बाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. गावात अनेकांनी त्या दृश्याची आयुष्यभर वाट पाहिली होती, पण ते बघायला खोलीत फारच थोडी माणसं हजर होती.

"तुम्हाला कसं कळलं इथे काय चाललंय ते?" डॉक्टरांनी विचारलं.

लेकीनं पाळकसाहेबांच्या कॉलरकडे बोट दाखवलं. साहेबांनी खाली पाहिलं. माइकवरचा हिरवा दिवा आनंदात लुकलुकत होता.

"आम्ही आडव्या पडलो की दर रविवारी येता तुम्ही, साहेब," मागची एक बाई मनापासून म्हणाली. "तुमच्या आवाजानं इतकं शांत वाटतं. मला तर झोपच लागते." साहेबांनी हे कशा अर्थानं घ्यावं, ते तिनं त्यांच्यावरच सोडलं. दुसरी म्हणाली, "ते अदृश्य शक्तींचं प्रवचन मला फार आवडलं. फक्त माणसांशी लढायचं नाही म्हणालात, आणि तेवढ्यात ताईंनी उठवलं. पुढे काय होतं हो त्यात?"

"पुढे काही नव्हतं," पाळकसाहेब म्हणाले. "तेच सांगायचं होतं." मग ते खुर्चीत मागे टेकून, त्यांच्याकडे कधी नव्हती अशा मिस्कीलपणानं म्हणाले, "बाई, आपण एवढं गाव पालथं घातलं. एक राहूनच गेला बघा. अबोल्याचा."

"त्याचं काय?" बाई म्हणाल्या, पण आवाजातली धार गेली होती.

"तो कुणाला दिसत नाही, कारण तो काही करतच नाही. नुसता बसून राहतो. काकांच्या घरात बसलाय. आणखी कुठल्या घरात बसलाय, ज्यानं त्यानं बघावं."

बाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं चटईकडे पाहिलं. "इतकं होतं तर मला सांगायचंस," बाई पुटपुटल्या. सून म्हणाली, "सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत?" बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा, प्रश्नाचं उत्तर माहीत असूनही, हात वर केला नाही. बेकरीवाला हळूच खाली बसला. परवानगी न घेता.

काका मात्र अजून मान खाली घालूनच बसले होते. सगळ्या बायका, पाळकसाहेब, डॉक्टर, कुणीच त्यांना दिसत नव्हतं. लेकीची चपला घातलेली पावलं तेवढी दिसत होती, आणि ती पावलं जवळ येऊन थांबली होती.

"आजच चॅनेल बदलतो मी," काका त्या पावलांना म्हणाले. "तुझ्या वर्गाला त्रास नको."

"माझ्याही मशीनला बटण आहे, पप्पा."

काकांनी वर पाहिलं.

"तुम्हीच दाखवलं होतंत ना, हे असं फिरवायचं म्हणून," लेक म्हणाली. तिचा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "उपासनेआधी तुम्ही माइक तपासता. हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का, म्हणता. मी तेव्हा हॉल झाडत असते. दर वेळी मी म्हणते, येतंय पप्पा. माझा माइकच चालू नसतो."

काकांनी काही बोलायचा प्रयत्न केला. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचा स्वतःचा आवाज काही केल्या निघेना. त्यांनी नुसता हात पुढे केला, आणि लेकीनं तो धरला.

"आई म्हणत होती तुम्ही जेवत नाही नीट," ती म्हणाली.

"तिला काय विचारतेस," काका कसेबसे म्हणाले. "मला विचार."

"जेवता का नीट?"

"नाही," काका म्हणाले आणि उभे राहिले. "चल घरी."